गाळातली खोपी

पाणी कधी सरकलं, कुणाला कळलंच नाही.
आम्ही सगळे लोकांच्या बागेत,
द्राक्षांचे घड औषधात बुडवायच्या मजुरीवर,
हात कोपरापर्यंत चिकट,
आणि इकडे खाणगाव थडीला
खंडूकाकाची खोपी गाळात बसली.

चार निळी पिंपं, त्यावर बाभळीच्या फळ्या,
वर पत्रा. आत एक गोधडी, स्टोव्ह, जाळं विणायची सुई.
पाण्यावर होती तेव्हा नुसत्या कूस बदलण्यानं हलायची.
आता गाळ पिंपांच्या कमरेपर्यंत,
वरून वाळून पापडासारखा मोडणारा,
आत मात्र ओला, गार,
एकदा धरलेलं न सोडणारा.

पहाटे निफाडात पारा चारावर होता.
जाळ्याच्या दोरावर दव गोठलेलं.
रुद्र्यानं ते नखानं खरवडलं, जिभेवर ठेवलं,
म्हणाला, "काहीच चव नाही."

पाटकरी सायकल न थांबवताच ओरडून गेला:
वरून आवर्तन सुटलंय, दुपारपर्यंत पोचेल.
पाणी आलं की खोपी आपोआप तरंगेल, असं वाटतं ना?
मलाही वाटलं होतं.
काका म्हणाला,
"धरून ठेवलेलं तरंगत न्हाई. बुडतं."

मग पहार, दोन फावडी,
विश्राम पानगव्हाण्याच्या पिकअपमधला जॅक.
जॅक लावला, तर खोपी वर यायच्या ऐवजी
जॅकच मुकाट खाली गेला.
त्याच्याखाली फळी टाकली. फळी मोडली.
दोर बांधून ओढलं, आठ जणांनी,
त्यातले दोघे पुण्याहून पाखरं बघायला आलेले,
गळ्यात दुर्बिणी, पायात कोरे बूट.
दोर तुटला आणि सगळे एकावर एक.
पलीकडच्या पाणकोंबड्या उडाल्या.
पुण्याच्या एकानं पडल्या पडल्या दुर्बीण डोळ्याला लावली.

मथुराकाकू बांधावर बसून बघत होती.
तेवीस वर्षं तिनं या खोपीचा राग केला,
खोपीत झोपायला जाणाऱ्याचा त्याहून जास्त.
ती उठली, पदर खोचला,
डोहातून हंडा भरून आणला
आणि पिंपाच्या कडेकडेनं ओतत राहिली,
बाळाच्या टाळूवर ओततात तसं, धार न तोडता.
"चिखलाला वढून काय व्हतंय?
त्याला पाणी पाजा. मंग त्यो तोंड उघाडतो."

मग हंडे, कळशा, पुणेकरांच्या बाटल्यासुद्धा.
पहारीनं भोक, भोकात पाणी,
पहार काढायची नाही, जराशी घोळवायची,
पुन्हा पाणी.
बराच वेळ काहीच झालं नाही.
बोटं बधिर झाली, मग दुखायला लागली, मग पुन्हा बधिर.

साडेअकराला पहिलं पिंप सुटलं.
मोठ्यानं मुका घ्यावा तसा आवाज,
रुद्र्या लाजला.
मग दुसरं. तिसरं.
चौथं आलं नाही.

लांब पाण्याची रेघ दिसू लागली.
आधी फेस, मग काटक्या,
मग नाशकाच्या घाटावरचा झेंडू, पानांचे रिकामे द्रोण.
काकानं कोयता घेतला.
मला वाटलं, खणणार.
त्यानं चौथ्या पिंपाची बांधणी तोडली.
एका घावात नाही, तीन घाव लागले.
दर घावाला काकू डोळे मिटत होती.

खोपी सुटली ती कलूनच.
आत स्टोव्ह पडला, रॉकेलचा वास सुटला.
काका चढला, फळीला हात लावून बसला.
"उतरा आता. भाकरी खायचीय."
"हितंच आण."
काकू त्याच्याकडे बघत राहिली.
मग हंडा बांधावर ठेवला,
भाकरीचं फडकं डोक्यावर धरलं,
गुडघाभर पाण्यातून गेली, वर चढली
आणि उचललेल्या कोपऱ्यात जाऊन बसली,
जिथं वजन हवं होतं.
खोपी जराशी सरळ झाली. पूर्ण नाही.

चौथं पिंप अजून खालीच आहे.
पुणेकरांना जाताना बोंबील दिले, वाळलेले,
त्यांनी ते वर्तमानपत्रात नीट बांधून घेतले.
माझी घड बुडवायची मजुरी
त्या दिवशी बुडाली.